देवीसमोर इंजिन चालू ठेवायचं नाही

भावोजींच्या गाडीचं इंजिन मी जाळलं, असं तलासरीपासून डहाणू स्टेशनपर्यंत सगळे म्हणतात. म्हणू देत. गिऱ्हाईक आज जातं, उद्या येतं. पण कैनाडला माझ्या थोरल्या बहिणीच्या घरातही तेच म्हणतात, आणि त्या घरात मला आता पाऊल ठेवता येत नाही. आई गेल्यावर मी त्याच घरात वाढलो. ताई सकाळी चिकूच्या वाडीत फळं निवडायला जायची आणि जाताना माझी भाकरी झाकून ठेवायची. मला दुसरं घर असं कधी नव्हतंच. आज जिथं राहतो ते गॅरेज आहे. वर पत्रा आणि मागे एक खोली.

हे लिहून काही बदलेल असं मला वाटत नाही. तरी इंजिनात काय झालं ते एकदा कुणीतरी पहिल्यापासून ऐकून घ्यावं, मधे न बोलता, एवढीच इच्छा आहे.

शाळा सुटल्यावर मी हायवेवरच्या ढाब्यावर ट्रक धुवायचो. तिथून वापीला एका गुजराती मिस्त्रीकडे लागलो. त्यानं मला इंजिन ऐकायला शिकवलं आणि भाव पाडायला शिकवलं. दुसरी विद्या मी त्याच्याहून चांगली उचलली. भंगारात जुना टर्बो हातात घ्यायचा, त्याचा दांडा बोटानं हलवून बघायचा, तोंड वाकडं करायचं आणि चालू लागायचं. विकणारा मागून ‘भाई, छेल्लो भाव बोल’ म्हणत येईपर्यंत मी मान वळवायचो नाही. शेवटचा भाव नेहमी मीच बोलायचो. पुढं गाड्यांच्या पोटात कॉम्प्युटर आले तेव्हा माझ्या बरोबरीचे मिस्त्री हात वर करून बसले. मी लॅपटॉप घेतला. माझ्याच जुन्या गाड्या बिघडवून, दुरुस्त करून शिकलो. कुणी शिकवलं नाही आणि कुणी उभंही केलं नाही. तलासरीत हायवेला लागून गॅरेज टाकलं ते माझ्या जिवावर.

भावोजींकडे सात सीटची डिझेल गाडी होती. डहाणू स्टेशनवरून भाडी घ्यायची, लग्नाची, दवाखान्याची, कधी उमरगावच्या कारखान्यातल्या साहेबांची. घर त्या गाडीवर चालत होतं. एक दिवस ते तापूनच गॅरेजवर आले. दापचरीच्या चढावर गुजरात पासिंगची एक गाडी हॉर्नसुद्धा न वाजवता त्यांना ओलांडून गेली होती, आणि मागच्या सीटवरचा एक वऱ्हाडी म्हणाला होता, काका, उतरून ढकलू का?

“शेठ,” भावोजी मला म्हणाले. चिडवायचं असलं की ते मला शेठ म्हणत. “गावाच्या गाड्यांना पंख लावतोस आणि घरच्या गाडीला बैल जुंपतोस होय?”

मी सांगितलं की ही पोटाची गाडी आहे, हिला हात लावू नका. ते ऐकेनात. जेवायला बसलं की तोच विषय. शेवटी ताईच म्हणाली की कर बाबा त्यांचं एकदाचं, माझ्या डोक्याशी रोज तीच भुणभुण. तिनं सांगितलं म्हणून मी हो म्हटलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

पैशांचा प्रश्न नव्हता. आम्ही घासाघीस केली ती ताकदीवर. त्यांना गाडी दीडपट जोराची हवी होती. मी म्हटलं, करून देतो, पण मग क्लच बदला, रेडिएटर बदला, गिअरबॉक्स मजबूत करा आणि तरी वर्षभरात रडत या. ते सव्वापर्यंत खाली आले. मी त्याच्याही खाली अडून बसलो. इंजिन जितकं देऊ शकतं त्याच्या बरंच अलीकडे थांबायचं, हा माझा नियम आहे. भाडी मारणारी गाडी रोज भरून पळते, उन्हात पळते, एसी लावून पळते. शर्यतीतल्या गाडीसारखी ती घरी जाऊन विसावत नाही. शेवटी माझ्याच आकड्यावर सौदा ठरला आणि भावोजी तोंड पाडून म्हणाले, सख्ख्या मेहुण्याला तरी थोडं जास्त द्यायचं होतंस.

पहिले काही दिवस मी लॅपटॉप उघडलाच नाही. सगळ्या सिलिंडरांचं कॉम्प्रेशन तपासलं. हवेच्या पाइपांतून कुठं गळती आहे का ते साबणाचं पाणी लावून पाहिलं, एक क्लँप ढिला निघाला. इंजेक्टर, फिल्टर, क्लच, सगळं पाहिलं. थकलेल्या इंजिनाला जोर देणं म्हणजे त्याचा जीव घेणं. भावोजी खुर्चीवर बसून चहा पीत होते. गाडीचं लग्न ठरवतोयस का रे, असं त्यांनी विचारलं.

टर्बो म्हणजे काय ते इथं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चाक फिरतं. त्याच दांड्यावर पलीकडे दुसरं चाक असतं, ते बाहेरची हवा कोंबून इंजिनात ढकलतं. हवा जास्त, तर डिझेल जास्त जाळता येतं, आणि गाडीला जोर येतो. धुराकडची बाजू चढावर लाल होईपर्यंत तापते. मधला दांडा भयंकर वेगानं फिरत असतो आणि या गाडीत त्याला वंगण आणि गारवा दोन्ही मिळतं ते फक्त वाहत्या ऑइलमधून. इंजिन बंद केलं की ऑइलचा पंप बंद. आत उरलेलं ऑइल त्या आगीत जळतं आणि त्याचा कोळसा होतो.

कंपनीचं मूळ सेटिंग मी जसंच्या तसं काढून जपून ठेवलं. मग डिझेल आणि हवेचा दाब जरा जरा वाढवत गेलो. दर वेळी मागच्या सीटांवर वाळूची पोती टाकून गाडी भरायची, अच्छाडपर्यंत जायचं, मग उलटं दापचरीचा चढ चढायचा, आणि धुराच्या वाटेवर बसवलेल्या तापमापकावर डोळा ठेवायचा. काटा मी ठरवलेल्या रेषेकडे सरकायला लागला तिथं थांबलो आणि एक पायरी मागे आलो. कमी वेगाला जोर मुद्दाम दाबून ठेवला, कारण क्लचला आणि गिअरबॉक्सला तडाखा बसतो तो तिथंच. काळा धूर ओकू दिला नाही. आजही कुणीही ते रेकॉर्ड घेऊन बसावं आणि मला त्यात एक चूक दाखवावी.

गाडी देताना मी अटी घातल्या. सकाळी ऑइल गरम झाल्याशिवाय दाबायची नाही. ऑइल मी सांगेन ते आणि मी सांगेन तेव्हा बदलायचं. आणि जोरात पळवून आणली की चावी फिरवण्याआधी दोन मिनिटं जागेवर चालू ठेवायची, टर्बो निवू द्यायचा.

“एक मिनिट,” भावोजी म्हणाले.

“दोन.”

“दीड. तुझं नको, माझं नको.”

मी बोनेट आपटलं आणि दोन म्हणालो. ते हसले. हो म्हणाले.

पण मी त्या घरात वाढलोय, मला माणूस माहीत होता. हायवेला महालक्ष्मीचं देऊळ लागतं. आमच्याकडचा ड्रायव्हर तिथून नुसता पुढं जात नाही. कुणी चालत्या गाडीतून मान लववतो, कुणी हात छातीला लावतो. भावोजी गाडी कडेला घेतात, इंजिन बंद करतात, चपला गाडीत काढतात, उतरून हात जोडतात आणि लगेच पुढं निघतात. देवीसमोर इंजिन चालू ठेवायचं नाही. त्यांचे वडील ट्रकवर होते, तेही असंच करत. चालतं इंजिन घेऊन तिच्यासमोर उभं राहणं म्हणजे पायात चपला ठेवून गाभाऱ्यात जाण्यासारखं, असं त्या घरात मानतात. लहानपणी मीही मानत होतो. पण पूर्ण भरलेली गाडी चढ चढून, हायवेला पळून तिथं पोचते ती तापलेली. नेमकी तिथंच चावी फिरणार.

म्हणून मी टर्बो टायमर बसवला. लहानशी डबी असते. चावी काढली तरी ती इंजिन ठरलेला वेळ चालू ठेवते आणि मग आपोआप बंद करते. ड्रायव्हरनं काही लक्षात ठेवायची गरज नाही. मला वाटलं, आता देवीचंही राहिलं आणि टर्बोचंही.

वर्षभर गाडी अशी पळाली की भावोजी मिशीवर हात फिरवत यायचे. गुजरातची ती गाडी त्यांना पुन्हा चढावर सापडली त्या दिवशी उमरगावहून फाफडा घेऊन आले आणि गॅरेजवरच्या सगळ्यांना वाटला. त्यांच्या तोंडून ऐकून माझ्याकडे पिकअपवाले आले, टॅक्सीवाले आले, झाईहून मासळी वाहणारे आले. ताईनं एकदा म्हटलं, तुझ्यामुळं ह्यांची कळी खुलली. दिवसभर ते माझ्या डोक्यात होतं.

मग चैत्रातली यात्रा आली. भावोजींच्या फेऱ्या वाढल्या. डहाणूहून माणसं भरायची, देवळाशी सोडायची, परत फिरायचं. एका दुपारी मला फोन आला. मागे एवढा गोंगाट की आधी काही कळेना.

“चावी माझ्या हातात आहे,” भावोजी म्हणाले, “आणि गाडी चालूच आहे.”

मी ओरडलो, गिअरमध्ये टाका, ब्रेक दाबा, क्लच एकदम सोडा. ते म्हणाले, मी खाली उतरलोय, माणसं पळतायत. फोनमधून मला इंजिन ऐकू येत होतं. डिझेल इंजिनाला चालायला ठिणगी लागत नाही. टर्बोचा दांडा झिजला, सील गेलं, की टर्बो इंजिनाचं स्वतःचंच ऑइल आत ढकलायला लागतो आणि इंजिन ते पीत सुटतं. चावी काढा, काही करा, ते थांबत नाही. आवाज चढत गेला, चढत गेला आणि एका दणक्यात संपला.

कुणाला लागलं नाही. पण ते झालं यात्रेच्या गर्दीसमोर, देवळाच्या कमानीपासून हाकेच्या अंतरावर. पांढऱ्या धुरात सगळा रस्ता बुडाला होता. संध्याकाळी माझ्याकडे गाडी ओढून आणली तोपर्यंत गोष्ट माझ्या आधी तलासरीत पोचली होती. कुणी म्हणे देवीचा कोप. कुणी म्हणे, तो हायवेचा मिस्त्री लॅपटॉप लावून इंजिनांना दारू पाजतो, त्याचं हे फळ.

दुसऱ्या दिवशी मी टर्बो उघडला. अंगणात बघे जमले होते, कालची माझीच गिऱ्हाइकं. ताई आणि भावोजी बाकावर बसले होते. दांड्याच्या घरात ऑइलचा कोळसा गच्च बसला होता, ऑइल येण्याची नळी त्यानं जवळजवळ बुजली होती. हे एका दिवसाचं काम नव्हे. पुन्हा पुन्हा तापलेलं इंजिन बंद केल्याशिवाय असं होत नाही. मी डॅशबोर्डखाली हात घातला. टायमरची वायर कापून चिकटपट्टी लावलेली होती.

मी भावोजींना विचारलं की हे कुणी केलं.

“मी सांगितलं काढायला,” ताई म्हणाली.

मग तिनं जे सांगितलं ते मला तोवर माहीत नव्हतं. टायमर बसवल्यावर पहिल्यांदा ती दोघं देवीला गेली तेव्हा भावोजींनी चावी काढली, चपला काढल्या, हात जोडले, आणि मागं रिकामी गाडी गुरगुरत राहिली. वेणी विकणारी बाई म्हणाली, अहो, तुमच्या गाडीत कोण बसलंय? लोक हसले. ताई ओटी भरायला आली होती. तिला ते अपशकुनासारखं लागलं. त्याच आठवड्यात डहाणूच्या एका वायरमनकडून तिनं ते बंद करून घेतलं आणि मला सांगायचं नाही असं ठरलं, कारण मी आरडाओरडा करीन. गॅरेजवर आले की मात्र भावोजी आठवणीनं दोन मिनिटं गाडी चालू ठेवूनच चावी काढायचे.

“वर्षभर,” मी म्हणालो. “वर्षभर तुम्ही मला सांगितलं नाहीत.”

“तू ते बसवलंस तेव्हा मला विचारलं होतंस?”

याच्यावर माझं डोकं फिरलं. तो काळा झालेला दांडा मी उचलला, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर धरला आणि म्हणालो, “हे बघा. माझ्या ट्यूनिंगनं नाही. तुमच्या नमस्कारानं इंजिन मेलंय.”

ताई उठली. पदर खांद्यावर घेतला आणि रस्त्याकडे चालायला लागली. भावोजी तिच्या मागे गेले.

मी बोललो ते खरं होतं. आजही ते खरंच आहे. पण खऱ्याला कुणी विचारत नाही, हे मला तेव्हापासून रोज दिसतंय. आठवड्याभरात हायवेवर बभ्रा झाला की मी देवीला दोष दिला. मासळीवाले परत आले नाहीत. एका टॅक्सीवाल्यानं मला समोर सांगितलं की काम तुझं चांगलं आहे रे, पण घरचे नको म्हणतात. मी त्याला हाकलून दिलं. तोही नंतर आला नाही. मी आयुष्यभर समोरच्याला त्याच्या भावावरून खाली उतरवत आलो, पण जो भावच बोलत नाही त्याच्याशी काय घासाघीस करणार?

भावोजी दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून जायला लागले. हे कळल्यावर मी त्यांची गाडी बांधायला घेतली. कुणी सांगितलं नव्हतं. इंजिनाचा दुसरा ब्लॉक शोधला, दुसरा टर्बो शोधला, आणि जपून ठेवलेलं कंपनीचं मूळ सेटिंग परत भरलं. पावसाळा त्यातच गेला. गणपतीच्या आधी मी ताईला निरोप धाडला की गाडी तयार आहे, घेऊन येतो.

तिचा उलटा निरोप आला. गाडी घेऊन घरी यायचं नाही, देवळाशी यायचं. देवीसमोर नारळ ठेवायचा आणि चूक माझी असं तोंडानं म्हणायचं. मग घरी जेवायला यायचं.

मी तिला फोन लावला. किती महिन्यांनी तिचा आवाज ऐकला. मी म्हणालो, ताई, नारळ ठेवतो. दोघांचीही चूक झाली असं म्हणतो. नाहीतर असं करू, मी काहीच बोलत नाही, नुसता पाया पडतो. ती ऐकून घेत होती.

“भाजी घेतोयस का रे?” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या दिवशी मी कैनाडच्या फाट्यावर भावोजींच्या हातात गाडी दिली आणि मागच्या सीटवर बसलो. ताई पुढं होती, मांडीवर ओटीचं ताट. हायवेला लागल्यावर भावोजींनी गाडी दाबली. किती दिवसांनी स्वतःची गाडी हातात आली होती, माणूस दाबणारच. इंजिन छान बोलत होतं. मी मनात वाक्य घोळवत होतो. चूक माझी. दोनच शब्द होते. मला वाटलं, म्हणून टाकीन. त्या घरात पुन्हा पाटावर बसायला मिळणार असेल तर दोन शब्दांना काय लागतं?

देवळासमोर भावोजींनी गाडी कडेला घेतली आणि चावी फिरवली. गाडी थांबल्याबरोबर, एक क्षणही जाऊ न देता. चपला काढल्या. आम्ही उतरलो. मी जाता जाता बोनेटवर हात ठेवला, तो चटकन काढावा लागला. ताईनं नारळ माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. भावोजीही बघत होते. तिचे डोळे भरले होते, ती माझी वाट बघत होती, हे मला स्पष्ट दिसत होतं.

“भावोजी,” मी म्हणालो, “आत्ता पुन्हा तेच केलंत.”

ताईनं नारळ माझ्या हातातून काढून घेतला. तिनं आवाज चढवला नाही.

“इथंही तुला इंजिनच दिसलं,” ती म्हणाली.

ती पायऱ्या चढून गेली. मी खालीच थांबलो. परत येऊन ती दोघं गाडीत बसली आणि निघून गेली. मी हायवेवर हात करून एका टेम्पोत बसलो आणि तलासरीला आलो.

भाऊबिजेला मी सकाळीच आंघोळ करून बसलो होतो. गॅरेज उघडलं नव्हतं. तिच्यासाठी घेतलेली साडी पिशवीत होती. कुणी बोलावलं तर निघायला उशीर नको, असं वाटत होतं. कुणी बोलावलं नाही. कैनाडला ताईच्या शेजारी चिकूच्या टेम्पोवाल्याचं घर आहे. तो दुसऱ्या दिवशी पंक्चर काढायला आला आणि चाक उतरवता उतरवता सहज बोलून गेला की काल तुमच्या ताईनं चंद्राला ओवाळलं. त्याला वाटलं होतं मी कुठं बाहेरगावी गेलोय.

भाऊ नसला, किंवा दूर देशी असला, की आमच्या बायका त्या दिवशी चंद्राला ओवाळतात. बीजेचा चंद्र नखाएवढा असतो, डहाणूच्या बाजूला, खाली, आणि सूर्य बुडाला की थोड्याच वेळात तोही जातो. धावपळ करावी लागते. ती ताट घेऊन घाईनं अंगणात आली असेल, ताडांच्या मधून तो कुठं दिसतो ते शोधत. मी तेव्हा इथं, एका बसच्या अंतरावर, धुतलेल्या कपड्यांत बसलो होतो.

टेम्पोवाल्याला मी म्हणालो की हो, बाहेरगावी होतो.